उपाशी राहिलेली गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. तशी मला शिवायला घेऊन सहाच वर्षं झाली, पण माझ्या अंगातलं कापड तुमच्या आजीच्या लग्नाआधीचं आहे, म्हणून जुनी म्हटलं. आणि मी उपाशी आहे. गोधडी कधी उपाशी असते का, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे.

सोलापूर हे चादरींचं गाव. इथं गोधडी कोण विचारतो? पण शुक्रवार पेठेतल्या विठ्ठल मंदिरात दर गुरुवारी दुपारी चार बाया गोधडी शिवायला बसत. संध्याकाळी तिथंच कीर्तन असे. दोरा गुंडाळायचा, कपाळाला बुक्का लावायचा आणि बुवांपुढं बसायचं, असा त्यांचा नेम होता. दुर्गाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. शिवम्मा आणि महानंदा शेजारणी. चौथी मायाक्का. तिनं वळसंगला जन्मभर मेंढरं राखली होती. नवरा गेल्यावर मेंढरं विकून ती भवानी पेठेत लेकीकडे, सोनमकडे राहायला आली. शहरात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. कीर्तन ऐकायला म्हणून आली आणि बायकांच्या हातातली सुई बघून तिथंच बसली. पुढं ती सोनमला सांगायची, आता मला गुरुवारपुरतं का होईना, माणसांत बसायला जागा हाय.

त्यांची रीत अशी. वर्षाला एक गोधडी, चौघींपैकी एकीसाठी. प्रत्येकीनं घरचं एक जुनं लुगडं द्यायचं. चौघींनी चार बाजूंना बसायचं आणि काठापासून आत शिवत यायचं. एकीच्या बाजूला दुसरीनं सुई लावायची नाही. मधोमध तळहाताएवढी जागा उरली की तिथं भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि शेवटचे टाके घालायचे. याला म्हणायचं गोधडीचं पोट भरणं. मी मायाक्कासाठी होते.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की दर वर्षी चौघी तीन दिवस वळसंगला, मायाक्काच्या भावाकडे, सिदूकडे जात. त्या वर्षी मला नेलं. अंगणात पसरत. हुरडा खात, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत आणि शिवत. माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. पण तेव्हाच मायाक्काचे टाके लांब पडू लागले. ओळ सोडून भरकटू लागले. दुर्गाबाईंनी चष्मा सरसावून पाहिलं.

"मायाक्का, हे टाके आहेत की तुझी मेंढरं सुटलीत?"

सगळ्या हसल्या. मायाक्काही हसली. म्हणाली, "मेंढरं बरी की. हाक मारली की माघारी येत्यात."

दुपारी बाकीच्या आत लवंडल्या, तेव्हा ती एकटीच माझ्यावर वाकली. मला हळूच म्हणाली, "हाताला मुंग्या येत्यात गं. सुई हाय का न्हाय, कळत न्हाय. सांगितलं तर म्हनतील, बस घरी. मग मी कुटं जाऊ?"

मित्रांनो, हे फक्त मी ऐकलं. मला तोंड नाही.

परत आल्यावर दुर्गाबाई मला घरी घेऊन गेल्या. उभा जन्म त्यांनी मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. वाकडं दिसलं की हात थांबत नसे. मायाक्काची बाजू त्यांनी सगळी उसवली आणि बारीक, सरळ टाक्यांनी पुन्हा शिवली. मनात वाईट काही नव्हतं. मैत्रिणीची गोधडी देखणी व्हावी, एवढंच.

गुरुवारी मायाक्कानं मला पाहिलं. आपल्या बाजूवरून डावा हात फिरवला. त्या संध्याकाळी बुवांनी निरूपण केलं, की भक्ताच्या हातचं वेडंवाकडं देव गोड मानून घेतो. दुर्गाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मायाक्का खांबाला टेकून बसली होती.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एवढ्याशावरून रुसली, असं शिवम्मा म्हणाली. आपण काय तिच्या पाया पडायचं का, असं महानंदा म्हणाली. येईल की आपणहून, असं म्हणून दुर्गाबाईंनी दोरा तोडला. आता मात्र तिघींनी रीत कडक पाळली. तिच्या बाजूला सुई लावली नाही. तीन बाजू मधोमध येऊन थांबल्या. मंदिरापासून तिचं घर दहा मिनिटांवर होतं. सात गुरुवार गेले. मग चौथ्या बाजूवाचून मला पुरं करता येईना, म्हणून दुर्गाबाई तिच्याकडे निघाल्या. माझ्यासाठी निघाल्या, तिच्यासाठी नाही. हे सांगताना मला अजून जड जातं.

सोनमनं दार उघडलं. मायाक्का खाटेवर होती. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली.

"मावशी, दीड महिना झाला," सोनम म्हणाली. "गुरुवार आला की आई दाराकडं बगत ऱ्हाती. तुमचा नंबर माज्याकडं न्हवता. मंदिरात यावं म्हटलं, तर हिला सोडून कुटं जाऊ?"

दुर्गाबाईंनी मला मायाक्काच्या अंगावर घातलं. तिचा डावा हात माझ्या काठावरून सरकत गेला. ती बारीक, सरळ शिवण बोटांना लागली तशी तिनं मला पायाकडे लोटलं. जोर नव्हता, तरी लोटलं.

दुर्गाबाई खाली बसल्या आणि स्वतःचे टाके एकेक करून उसवू लागल्या. जुन्या लुगड्यात जाड सुईची भोकं बुजत नाहीत. मायाक्काचे लांब, भरकटलेले टाके कुठून कुठं गेले होते, ते माझ्या अंगावर तसंच होतं. दुर्गाबाई रोज दुपारी येऊन त्याच भोकांतून दोरा ओवू लागल्या. वाकडं ते वाकडंच. शिवता शिवता हलक्या आवाजात नाम घेत. मायाक्का डोळे मिटून ऐके. चौथ्या दिवशी मला तिच्या अंगावर घातलं, तेव्हा तिनं लोटलं नाही.

मधली तळहाताएवढी जागा राहिली होती, तेव्हा मायाक्का गेली.

पुढं टाका घालायला दुर्गाबाईंचा हात उठला नाही. भाकरीचा तुकडा ठेवलाच गेला नाही. आज मी सोनमच्या पेटीत आहे, मधोमध तळहाताएवढी उघडी.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झटका, कसरीपासून जपा, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी एक ऐका. तुमच्या शेजारी बसणाऱ्याचा टाका वाकडा पडू लागला, तर उसवायला सुई उचलू नका. हात दुखतोय का, एवढं विचारा. आणि त्याची जागा रिकामी दिसली, तर त्याच दिवशी त्याच्या दारात जाऊन हाक मारा.