कराचीहून चार तास

अंबूबाईने पहाटे डोळे मिटले, तेव्हा तिच्या लेकीला, जयवंताला, सगळ्यात आधी आठवली ती उशाखाली दडवलेली तार.

आईच्या दुखण्याचे कराचीला भावाला, सहदेवला, कळवले होते; त्याची ही उलट तार आदल्या दिवशी पोस्टमन भिवाजीने पाणवठ्यावरच वाचून दाखवली होती. "तुझा भाऊ उद्या कराचीहून विमानानं निघतोय. दिवस मावळायच्या आत घरी येतो म्हनतोय." जयवंताने ऐकून घेतले आणि कोणाला सांगितले नाही.

सहा वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हाही सहदेवची अशीच तार आली होती. त्याच्यासाठी ऐन श्रावणात दोन दिवस मढे ओटीवर ठेवले. सहदेव आगबोटीने आला तो चौथ्या दिवशी. बापाला उचलताना माणसांनी नाकाला धोतराचा सोगा लावला होता. आईचे असे होऊ द्यायचे नाही, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवले होते.

चुलते आबाजी अंगणात आले. गावात मढे असेपर्यंत कोणाची चूल पेटत नसे, पोरे सकाळपासून रडत होती. तरी ते म्हणाले, "जयवंते, सहदेवाचं काय कळलं का गं? येनार आसंल तर मावळतीपर्यंत थांबू. एक दिस चुली नाय पेटल्या तर कोन मरत नाय."

कराची म्हणजे आगबोट, आणि आगबोट म्हणजे तीन दिवस. जयवंताला एवढेच ठाऊक होते. विमान गावावरून जाताना दिसे. त्यातून आपले माणूस उतरेल, हे तिच्या मनाला पटत नव्हते.

"नाय काका. काय नाय कळलं."

दुपारी बाराला चुलतभाऊ हिरामणने अग्नी दिला.

कासराभर दिवस उरला असताना सहदेव कर्जत स्टेशनातून चालत आला. आई पहाटे गेल्याचे त्याला स्टेशनावरच कळले होते. घराघरांवर चुलींचा धूर होता. म्हणजे मढे उचलले गेले होते; तो पाहूनच त्याचे पाय वेशीत थबकले.

ओटीवर बसून तो आबाजींना सांगत राहिला, "सायबानं तिकीट काढून दिलं, काका. साडेपाचशे मैल, चार तासांत जुहूला उतरवलं. वर चा पन दिला. म्हनलं, आईला सांगीन, तुझा ल्योक ढगात बसून चा प्याला."

"तार तरी करायचीस रं!"

"केली की, परवाच."

आबाजी भडकले. "त्या भिवाजीचं काम! हिंडत आसंल कशेळ्याच्या बाजारात. उद्या पोस्टात जातो, त्याची नोकरीच घालवतो."

जयवंताच्या हातात पाण्याचा तांब्या होता. गप्प राहिली असती तर निभावले असते. पण भिवाजीच्या घरी चार पोरे होती.

"त्याला काय बोलू नका. तार आली व्हती. मीच दडवली."

सहदेवने फक्त विचारले, "का गं?"

"बाबाचे हाल बघितले व्हते रं. मला वाटलं, या येळीबी तसंच."

त्याने तिच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या, तांब्या भिरकावला असता, तर तिने सोसले असते. मग त्याने विचारले, "आईनं माझं नाव घेतलं का?"

"घेतलं. परवा दोनदा घेतलं."

ते अगदी खरे होते. सहदेवने मान हलवली, परक्याने घातलेल्या समजुतीवर हलवतात तशी, आणि बूट काढून तो एकटाच मसणवटीकडे निघाला.