वाटीतला चीक

हंसाबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मुरबे गावातल्या त्यांच्या आख्ख्या आळीला ठाऊक होतं, आणि खुद्द हंसाबाईंनाही ते कबूल होतं. तीस वर्षं त्यांनी बोईसरच्या बाजारात मासळी विकली, तीही ओरडून. गुडघे गेले, डोक्यावरची पाटी सुटली, आवाज तेवढा शाबूत राहिला. त्यांच्या घरात सकाळी शिजलेलं दुपारपर्यंत शेवटच्या घराला कळलेलं असायचं.

अशा सासूच्या घरात दीपाने अडीच महिने होत आले तरी एक गोष्ट कुणाला कळू दिली नव्हती. तिला दिवस गेले होते. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. कमलेश शिमग्याला आठ दिवस घरी येऊन गेला आणि गुजरातकडच्या बंदरावर एका मोठ्या बोटीचं मशीन सांभाळायला परत गेला. आता तो यायचा तो मे संपताना, बोटी किनाऱ्याला लागल्या की. ठाऊक होतं ते फक्त बोईसरच्या एका डॉक्टरीणबाईंना. त्यांनी दिलेल्या गोळ्या दीपा कंपनीत न्यायच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली ठेवायची.

चोरी कसली, असं कुणी म्हणेल. लग्नाची बाई, सहा वर्षांनी पाळणा हलणार. पण दोन वर्षांपूर्वी एकदा असंच झालं होतं. तेव्हा दीपाने दीड महिन्यातच सासूला सांगितलं, आणि सासूने त्याच संध्याकाळी आळीभर पेढे वाटले. बारा दिवसांत सगळं गेलं. त्या दिवशी हंसाबाई दीपाच्या उशाशी बसून स्वतःच्या तोंडावर चापट्या मारून घेत रडल्या होत्या. नजर लागली, माझ्या तोंडानं लागली, म्हणत होत्या. मग डोळे पुसून त्यांनी सुनेला बजावलं होतं, "पुढल्या खेपेला तीन महिने भरल्याबिगर कोनाला सांगायचं नाय. मला पन नाय. माझी शपथ हाय तुला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरफडीचं एक अख्खं झाड मुळासकट उपटून उंबऱ्यावर उलटं टांगलं, दृष्ट लागू नये म्हणून. ना माती ना पाणी, तरी ते झाड दोन वर्षं जिवंत होतं. पानं तेवढी तांबूस पडली होती. दीपा रोज त्याखालून वाकून कामाला जायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बाई गं, एवढे दिवस सांभाळ.

शपथ तिने अक्षरशः पाळली. इतकी की एप्रिलमध्ये पाळीची तारीख आली तेव्हा ती चार दिवस बाजूला बसली. त्या घरात ते चार दिवस अजून पाळत. वेगळी चटई, वेगळा तांब्या, देवाकडे जायचं नाही. सोंगच करायचं तर पुरतं करावं म्हणून तिने दोरीवर धुतलेली कापडंही घातली. त्या निमित्ताने पडून राहायला मिळालं आणि मळमळ लपली. मे महिन्यात मात्र तिला ते करवेना. पोटात जीव वाढत असताना विटाळाचं नाटक करणं तिला अभद्र वाटलं. तारीख तिने तशीच जाऊ दिली. सासूबाईंचं आता कुठे इतकं लक्ष असतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मळमळीला ती पित्त म्हणायची. पित्त म्हटल्यावर हंसाबाईंना चेव आला. गुडघे गेल्यापासून त्यांचा जीव फोनमध्ये आणि अंगणातल्या कोरफडीत होता. तेलाच्या आठ डब्यांत त्यांनी कोरफड लावली होती, आणि फोनवरच्या कुणा गोऱ्यागोमट्या बाईकडून त्या सकाळी अनशापोटी प्यायचा रस शिकल्या होत्या. शिकल्या म्हणजे अर्धंच शिकल्या. बाकी अर्धं त्यांच्याकडे आईकडून आलेलं होतं, आणि त्याची त्यांना जास्त घमेंड होती.

संध्याकाळी त्या बुंध्याजवळचं जाड पान कापत. कापलेली बाजू खाली करून ते स्टीलच्या वाटीत उभं ठेवत. रात्रभर त्यातून पिवळा चीक निथळायचा. सकाळी दोन्ही कडांचे काटे काढायचे, वरची हिरवी साल सोलायची, आतला काचेसारखा गर तीन पाण्यांनी धुवायचा. मग मिक्सरमध्ये गर, पाणी, लिंबू, काळं मीठ आणि चमचाभर मध. वर फेस आला की पेले भरायचे. पेले दोन होते. हंसाबाईंचा जुना, काठाला चेपलेला. दीपाचा तिच्या लग्नातला, त्यावर 'कमलेश-दीपा' असं कोरलेलं.

वाटीतला चीक त्या फेकत नसत. ताटलीत ओतून पत्र्यावर उन्हात ठेवला की तो चार दिवसांत काळा ठिक्कर पडे आणि डांबरासारखा खडा होई. हाच काळा बोळ. तो त्या पावडरच्या जुन्या डब्यात भरून ठेवत. कुणाचा पाय मुरगळला, कुणी बाळंत झालं, की आळीतल्या बाया तो मागायला येत. दीपा नवीन लग्न होऊन पाम गावाहून आली तेव्हाच हंसाबाईंनी तिला डबा दाखवला होता. गर थंड असतो आणि चीक गरम, गर सगळ्यांचा आणि चीक जपून द्यायचा, असं सांगून शेवटी म्हणाल्या होत्या, "अडलेली पाळी खाली आनतो हा. पोटुशीनं त्याला हात पन नाय लावायचा."

म्हणून दीपा निर्धास्त होती. डॉक्टरीणबाईंनी पपई-अननसाचं सांगितलं होतं, कोरफडीचं ना त्यांनी काढलं ना हिने विचारलं. चिकाचं सासूला कळतं, तिच्या हातून पेल्यात एक थेंब जायचा नाही, एवढी खात्री तिला होती. ती खात्री खोटीही नव्हती. हंसाबाईंच्या हातून चुकून कधीच काही जात नसे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रस कडू लागला.

पहिल्या दिवशी दीपाला वाटलं, आपलंच तोंड खराब आहे. या दिवसांत पाणीही कडू लागतं म्हणतात. दुसऱ्या दिवशी कडवटपणा जिभेवरून दुपारपर्यंत गेला नाही. कंपनीत खोकी चिकटवताना तिला दोनदा बाहेर जावं लागलं, पोटात मुरडा आला. तिसऱ्या दिवशी तिने पेला घेऊन मोरीकडे वळायचा बेत केला, तर हंसाबाई समोर पाट घेऊन बसलेल्या. पेल्याकडे बघत होत्या. दीपाने चेष्टेने विचारलं की आज एवढं काय निरखताय, तर त्या हसल्या नाहीत. तळाला राहिलेलंही त्यांनी पाणी घालून विसळून प्यायला लावलं.

हंसाबाई बोलत नव्हत्या, हे दीपाला सगळ्यात वाईट वाटलं. ज्या बाईला शेजारणीची कोंबडी कुठे अंडं घालते हेही सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, ती तीन सकाळी गप्प बसून सुनेला रस पाजत होती. घरात काहीतरी शिजत होतं आणि ते आळीत गेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी, शनिवारी, कंपनीला सुट्टी होती. रस पिऊन झाला. हंसाबाई पुढच्या दारी पाण्याचा पाइप धरून उभ्या होत्या. दीपा मोरीत भांडी घासायला बसली. सासूचा पेला हातात आला, तळाशी घोटभर रस उरला होता. तिने सहज तो तोंडाला लावला.

आंबटगोड. मधाचा, लिंबाचा, काळ्या मिठाचा. कडूपणाचा लवलेश नाही.

तिने आपला पेला उचलून आत बोट फिरवलं आणि चाटलं. जीभ आक्रसली. तळाशी काळपट कण चिकटले होते. एका भांड्यात केलेला रस, दोन पेल्यांत दोन चवींचा. भिंतीला धरून ती उठली, फळीवरचा पावडरचा डबा काढला. होळीला तो काठोकाठ भरलेला तिने पाहिला होता. आता बोटभर उतरला होता. वरच्या खड्यावर सुरीने खरवडल्याच्या ताज्या रेघा होत्या.

मागे पाय वाजले. हंसाबाई दारात उभ्या होत्या, ओल्या हातांनी. डबा पाहून त्या चपापल्या, पण ओशाळल्या नाहीत. समजावल्यासारखं बोलू लागल्या. तारीख उलटून बारा दिवस झाले, दोरीवर काही वाळलं नाही, हे त्या बघत होत्या. कमलेश गेल्यावर एप्रिलमध्ये तू बसली होतीस, तेव्हा दिवस गेल्याची शंका घ्यायला जागाच नव्हती. मागच्या खेपेनंतर अंगात उष्णता राहिली असणार, पाळी अडली असणार. अशीच अडत राहिली तर पुढे मूल धरायचं कसं? म्हणून वाटाण्याएवढा, फक्त वाटाण्याएवढाच घालत होत्या. सांगितलं असतं तर तू घेतला नसतास. कमलेश यायच्या आत तुला मोकळी करायची होती, म्हणाल्या.

दीपाला ओरडायचं होतं. तिने डबा फळीवर ठेवला, तो नीट बसला की नाही हेही पाहिलं.

"आई, मला तिसरा चालू हाय."

हंसाबाईंना ते कळायला वेळ लागला. त्या बोटं मोजू लागल्या. शिमगा, एप्रिल, मे. मग बोटं थांबली.

"तू बसली होतीस ना चार दिवस?"

"खोटी बसली होते. तुमीच म्हणालेलात, मला पन नाय सांगायचं."

हंसाबाईंनी तोंडावर पदर दाबला. याच हातांनी त्यांनी किती जणींची पोटं चोळून दिली होती. आता तो हात सुनेच्या पोटाकडे गेला आणि मध्येच थांबला, लावायचा धीर होईना. दीपाला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी त्यांचा इतका राग आला की ती तोंड फिरवून उभी राहिली. तेव्हाच ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. ती ओढ तिच्या ओळखीची होती. न्हाणीघरात जाऊन ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून हंसाबाईंनी काही विचारलं नाही. गुडघ्यांची तक्रार न करता त्या नाक्यापर्यंत चालत गेल्या आणि रिक्षा घेऊन आल्या.

दोघी बोईसरला निघाल्या. रस्त्यात खड्डा आला की हंसाबाई रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि तो हळू घेई. दीपाने डोळे मिटले होते. सहा पेले, ती मोजत होती. सहा पेले, आणि तिसरा विसळूनसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी तपासणीचं यंत्र पोटावर फिरवलं आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. ठोके आहेत, म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, आज आहेत. रक्त थांबायला हवं. पलंगावरून उठायचं नाही, पायांखाली उशी, आठवड्याने पुन्हा दाखवायचं. काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं. हंसाबाईंनीच सगळं सांगितलं, वाटाण्याएवढं म्हणजे किती तेही बोटाच्या पेरावर दाखवून. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दीपाला वाटलं.

घरी आल्यावर हंसाबाईंनी तिला निजवलं, पायांखाली उशी सरकवली. मग पावडरचा डबा, वाटी, ताटली सगळं घेऊन मागच्या दारी गेल्या. घासण्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. घासून झालेली वाटी त्यांनी परत घासायला घेतली असावी.

ऊन कलल्यावर पुढच्या दारात चिमीकाकू आली. शेजारची, हंसाबाईंची बाजारातली जोडीदारीण. मागे पेढ्यांचा पहिला पुडा हिच्याच हातात पडला होता. रिक्षा तिने पाहिली होती, त्यामुळे ती सरळ ओटीवर टेकली आणि सुनेला काय झालं म्हणून विचारू लागली. आत दीपाने मान उचलून कान दिला. सासूचं तोंड तिला माहीत होतं. आता रडतील आणि सगळं ओकून टाकतील, आणि दिवे लागायच्या आत आळीभर होईल.

उंबऱ्यावरचं उलटं झाड वाऱ्याने चौकटीला घासत होतं.

"पित्त झालंय," त्या म्हणाल्या.

चिमीकाकू हसली. एवढंच ना, म्हणाली. "मग कोरफडीचा रस द्या की तिला. तुमच्या हाताला गुन हाय."

यावर हंसाबाई काय बोलल्या ते दीपाला ऐकू आलं नाही. पडल्या जागेवरून तिला अंगणातले आठही डबे दिसत होते, कापायला आलेल्या पानांनी भरलेले. ओटीपोटातली ओढ थांबली होती, का आपल्यालाच तसं वाटतंय, हे तिला ठरवता येईना. तीन महिने भरायला अजून एकोणीस दिवस होते.