उजागरेंचा फोन खर्ड्याला गेला

प्रभुदास उजागरे दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला कोपरगावच्या ऑफिसात यायचे, पंख्याखालची खुर्ची धरायचे आणि महिनाभराचा प्रवास एका बैठकीत उरकून टाकायचे. ठिबकचे संच विकणाऱ्या एका कंपनीत ते एकोणीस वर्षं फिरतीवर होते. रोज कुठे गेलो, कोणाला भेटलो, मोटारसायकल किती किलोमीटर चालली, हे रोजच्या रोज डायरीत लिहायचं असा नियम होता. पण उसाच्या सरीत चिखलाने बरबटलेल्या हातांनी डायरी कोण उघडणार? म्हणून ते शेवटच्या दिवशी डोळे मिटायचे, आठवेल ते लिहायचे आणि आठवणार नाही तिथे 'वाकडी व परिसर' असं लिहून मोकळे व्हायचे.

हिशेब बघणाऱ्या नीलांबरी मॅडम ती डायरी चष्मा पुसून वाचायच्या.

"उजागरे, एकतीस जूनला तुम्ही वाकडीला होता?"

"असेन की."

"जूनला एकतीस तारीख नसते."

"मग तीसला टाका. तीसला कुठे होतो मी?"

"वाकडीलाच."

"बघा. म्हणजे बरोबर आहे."

मॅडम हसायच्या आणि सही करायच्या. सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मालकांचा पुतण्या अनीश पुण्याहून शिकून आला आणि त्याने डायऱ्या, मस्टर, व्हाउचरं सगळं एका कपाटात कोंडून त्याला कुलूप लावलं. त्या बदल्यात सगळ्यांच्या फोनमध्ये 'हजर' नावाचं ॲप आलं. सकाळी त्यात स्वतःचा फोटो काढायचा, संध्याकाळी पुन्हा काढायचा, पेट्रोलच्या पावतीचा फोटो काढायचा. बाकी आपण कुठून कुठे गेलो, किती किलोमीटर गेलो, ते फोन आपला आपण लिहून घेणार.

"काका, तुमचा लिहायचा त्रासच संपला," अनीश म्हणाला.

उजागरे हो म्हणाले, पण मनातून ते धास्तावले. कारण त्यांच्या आयुष्यात एक पाप होतं. ते दुपारी झोपायचे.

पुणतांब्याजवळ रंगनाथ नावाच्या शेतकऱ्याचा दीड एकराचा तुकडा होता. त्याच्या विहिरीवर मोटारीची खोली होती आणि त्या खोलीत एक बाज होती. ओल्या पाइपांमुळे तिथे भर मे महिन्यातही गारवा असायचा. उजागरे एकला तिथे पोचायचे, डबा खायचे आणि अडीचपर्यंत घोरायचे. एकोणीस वर्षांत यात फारसा खंड पडला नव्हता. ऑफिसची वेळ दहा ते सहा, म्हणजे ही झोप सरळसरळ कंपनीच्या वेळेत. चर्चच्या पंच कमिटीवर असलेल्या माणसाला हे शोभत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. प्रभुभोजनाच्या दर रविवारी ते मनातल्या मनात या झोपेची क्षमा मागायचे आणि सोमवारी पुन्हा बाजेवर आडवे व्हायचे.

ॲप सुरू झालं त्या पहिल्याच दुपारी त्यांचा डोळा लागला आणि उशाखालून एका बाईचा आवाज आला, "आपण तीस मिनिटांपासून एकाच जागी आहात. कृपया कारण नोंदवा."

उजागरे ताडकन उठून बसले. दाराशी रंगनाथ उभा होता.

"सायेब, ही बाई कोन हाय?"

"ऑफिसची आहे."

"लई करडी दिसती. झोपू बी देत न्हाई व्हय?"

उजागरेंनी कारण लिहिलं, 'ग्राहकाशी चर्चा'. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'ग्राहकाशी सखोल चर्चा'. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की दीड एकरवाल्या रंगनाथशी रोज दीड तास चर्चा करून एक फूट नळीसुद्धा विकली जात नाही, हे कधी ना कधी अनीशच्या लक्षात येणार.

उपाय सापडला तो सूर्यभानच्या रूपाने. सूर्यभानचा दुधाचा टेम्पो होता. दुपारी एकला तो रंगनाथच्या बांधावरून निघायचा, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रिकामे कॅन पोचवायचा आणि अडीचला परत यायचा. उजागरेंनी आपला फोन त्याच्या स्वाधीन केला. फोटो काय तो सकाळ-संध्याकाळीच लागायचा. मधे फोन हिंडता राहिला म्हणजे झालं.

"फक्त हिंडवायचा," उजागरेंनी बजावलं. "हात लावायचा नाही."

"तुमी निवांत पडा. तुमची ड्युटी मी करतो."

नऊ दिवस सूर्यभानने उजागरेंची ड्युटी चोख केली. दहाव्या दिवशी अडीच वाजले, तीन वाजले, टेम्पोचा पत्ता नाही. साडेतीनला उजागरेंनी रंगनाथच्या फोनवरून स्वतःच्याच फोनला फोन लावला.

"सायेब, झाली का झोप?" सूर्यभानने विचारलं. मागे टेम्पोचा खडखडाट चालला होता.

"अरे कुठे आहेस तू?"

"चिचोंडीच्या पुढं. भाडं लागलं ना अचानक. नवरीचं सामान हाय, कपाट, पलंग, समदं खर्ड्याला टाकायचंय. गडबडीत तुमचा फोन देयाचा ऱ्हायला."

"खर्डा?" उजागरे बाजेवर बसले. खर्डा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, पावणेदोनशे किलोमीटर. "फोन बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर!"

"बंद कशाला? मगाशी तुमच्या हापिसातून फोन आल्ता. मी बरोबर सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"म्हनलं, सायेब मीटिंगमधे हायेत."

उजागरे फोनशिवाय घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. लिडिया, त्यांची बायको, ओट्यापाशी उभी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"ऑफिसमधून त्या अनीशचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होता, काकांची तब्येत बरी आहे ना? आज जामखेडच्या अलीकडे देशी दारूच्या दुकानासमोर सत्तेचाळीस मिनिटं थांबले होते म्हणाला."

"मी नव्हतो. फोन होता."

"फोन प्यायला गेला होता?"

उजागरेंनी तिला सगळं सांगितलं. लिडियाने गॅस बंद केला. मग तिने तोंडाला पदर लावला. आधी त्यांना वाटलं रडते आहे, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"उद्या जाऊन खरं सांगा," डोळे पुसत ती म्हणाली. "नाहीतर मीच येऊन सांगेन."

सकाळी सूर्यभानने फोन आणून दिला. दारूच्या दुकानाशेजारी पंक्चरचं दुकान होतं, टायर बसला म्हणून थांबलो, असं त्याने चारदा शपथेवर सांगितलं. तो फोन खिशात घालून उजागरे ऑफिसात गेले.

अनीशच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता. त्यावर पुणतांब्यापासून खर्ड्यापर्यंत लांबलचक लाल रेघ होती. नीलांबरी मॅडम कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

"बसा काका," अनीश म्हणाला. "एक सांगू? खर्ड्याकडे तीन वर्षांत आपल्या कंपनीचं कोणी फिरकलेलं नाही. तुम्ही या वयात एकटे मोटारसायकलवर तिकडे गेलात, मी तर थक्क झालो. आता ते सत्तेचाळीस मिनिटांचं काय असेल ते असो. एवढ्या लांबच्या प्रवासात माणूस थकतो. मी चुलत्यांना फक्त खर्ड्याचं सांगितलं. ते खूश आहेत."

उजागरेंना क्षणभर मोह झाला. मान हलवली की सुटलो. मालक खूश, पावणेदोनशे किलोमीटरचा भत्ता, वर शाबासकी. पण त्यासाठी दारूच्या दुकानासमोरची सत्तेचाळीस मिनिटं पदरात घ्यावी लागणार होती. बातमी चर्चपर्यंत पोचायला रविवारही लागला नसता.

"मी खर्ड्याला गेलो नाही," ते म्हणाले. "मी झोपलो होतो."

"कधी?"

"काल दुपारी. परवा दुपारी. एकोणीस वर्षं, रोज दुपारी."

मग त्यांनी बाज, रंगनाथ, टेम्पो, नवरीचं कपाट, सगळं सांगून टाकलं आणि खाली मान घालून बसले. अनीशचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. कंपनीच्या वेळेत झोप, वर फसवणूक, असं काहीतरी तो म्हणायला लागला तेवढ्यात नीलांबरी मॅडमनी त्याला थांबवलं.

"अनीश, आधी इकडे ये. यांचा सकाळचा फोटो बघ. सहा वाजून वीस मिनिटं. हा बघ, सहा पंचवीस. हा सहा दहा. आणि संध्याकाळचा? पावणेआठ. आठ पाच."

"सहाला कशाला निघता काका? ड्युटी दहाला सुरू होते."

"शेतकरी सकाळी शेतावर असतो," उजागरे म्हणाले. "दहाला जाऊन कोणाला भेटू? आणि संध्याकाळी वीज आल्याशिवाय संच चालू करून दाखवता येत नाही."

मॅडमनी कॅल्क्युलेटर ओढला. रोजची दीड तासाची झोप कापली, खर्ड्याचा अख्खा दिवस कापला, तरी बारा दिवसांत उजागरेंनी चाळीस तास जास्तीचे भरले होते.

"आणि हे किलोमीटर," त्या म्हणाल्या. "टेम्पोच्या फेऱ्या वगळून बारा दिवसांचे नऊशे चाळीस. जुन्या डायऱ्यांत हे महिन्याला हजार लिहायचे. उजागरे, तुम्ही निम्मेच लिहीत होता का इतकी वर्षं?"

उजागरेंनी डोकं खाजवलं. "हजाराच्या वर लिहिलं तर खोटं वाटेल, असं मला वाटायचं."

अनीशला हसू फुटलं. टेम्पोची लबाडी पुन्हा करणार नाही, असं त्याने उजागरेंकडून लिहून घेतलं आणि फिरतीवरच्या सगळ्या माणसांना दुपारी एक ते अडीच सुट्टी जाहीर केली. मागच्या वर्षांचा भत्ता मात्र देता येणार नाही, कारण डायरीत जे लिहिलं तेच खरं, असं त्याने सांगितलं. लिडियाने हे ऐकलं तेव्हा तिचं हसू पार मावळलं. एकोणीस वर्षं, महिन्याला हजार किलोमीटर, किलोमीटरला तीन-चार रुपये, असा गुणाकार करत ती दोन दिवस घरभर भांडी आपटत होती.

महिनाअखेरीला ॲपमधून उजागरेंचं पहिलं पूर्ण बिल निघालं. दोन हजार एकशे तीस किलोमीटर. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि नीलांबरी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, यातले चार-पाचशे कमी करा ना. एवढं बरं दिसत नाही."

"कमी करता येत नाही, उजागरे. सही करा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन पुढे केलं.