त्रेसष्ट नंबरची खुंटी

बरीच वर्षं हरवलेल्या बापाला शोधायला लोक निघतात ते त्याच्या गळ्यात पडायला. लांबी निघाली होती ती त्याच्या तोंडावर थुंकायला. त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. दुकानाला कुलूप लावून, गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे शेजारणीच्या गळ्यात मारून ती दोन गाड्या बदलत त्या खाणीच्या गावात उतरली. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरणारे, पण राग अगदी सहा वर्षांच्या पोरीचा, ताजा.

सहा वर्षांची असताना ती ह्याच गावात राहत होती. वयाच्या मानाने उंच, म्हणून सगळे तिला लांबी म्हणत. बाप खाणीत उतरायचा. एके दिवशी खाली आग लागली. सात माणसं आतच राहिली आणि आग पसरू नये म्हणून बोगद्याच्या तोंडावर विटांची भिंत घालून तो कायमचा बुजवून टाकला. आत कोण होतं हे कळायला एकच मार्ग होता, बिल्ल्यांचा फळा. प्रत्येक माणसाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. खाली जाताना तो फळ्यावरच्या खुंटीवरून काढून खिशात टाकायचा, वर आलं की परत लावायचा. ज्याची खुंटी रिकामी तो खाली. त्या संध्याकाळी सात खुंट्या रिकाम्या होत्या. लांबीच्या बापाचा एकशेसतरा नंबरचा बिल्ला जागच्या जागी होता, म्हणजे तो वर होता. पण तो घरीही आला नाही.

मग काय, लोकांच्या जिभेला हाड नसतं. गडबडीचा फायदा घेऊन पळाला म्हणाले. कुणी त्याला एक बाईही जोडून दिली, तिच्या साडीचा रंगसुद्धा सांगितला. आत राहिलेल्यांच्या बायकांना जन्मभराचं घर मिळालं आणि पळपुट्याच्या बायकोला घर सोडावं लागलं. आईने पुढे परक्या गावात धुणीभांडी करून लांबीला वाढवलं आणि रोज जेवताना नवऱ्याचा उद्धार केला. ‘पळाला तो पळाला, डबासुद्धा माझ्याच हातचा भरून घेऊन पळाला,’ हे तिचं पालुपद. गेल्या वर्षी ती गेली. जातानाही तिच्या मनातली अढी गेली नाही. तो जिवंत असेल तर गाठायचा आणि मेला असेल तर कुठे, कुणाच्या घरी मेला ते शोधून तिथे जाऊन बोलायचं, हे लांबीने त्या दिवशी ठरवलं.

गावात खाण बंद पडून पस्तीस वर्षं झाली होती. काळा ढिगारा तेवढा होता, त्यावर आता झुडपं उगवली होती. निम्म्या घरांत नवीन माणसं. लांबीने बुटकीचं घर विचारलं. बुटकी म्हणजे तिची लहानपणची जोडीदारीण, बापाच्या जिवलग दोस्ताची मुलगी. दोघी त्या ढिगाऱ्यावरून पत्र्यावर बसून घसरायच्या. बुटकी आता शाळेत मास्तरीण होती, एकटीच होती आणि अजूनही बुटकीच होती. तिने दारातच लांबीला मिठी मारली तेव्हा तिचं डोकं लांबीच्या खांद्यालाही लागलं नाही.

“तुझे बाबा असं करतील हे मला कधी खरं वाटलं नाही गं,” बुटकी म्हणाली.

“तुला वाटून काय उपयोग? करायचं ते त्याने केलं.”

भिंतीवर बुटकीच्या बापाचा फोटो होता. काच रोज पुसल्यासारखी लख्ख. त्या सातांतला एक, त्रेसष्ट नंबरचा. चौकातल्या दगडावर त्याचं नाव कोरलेलं होतं. लांबीने त्या फोटोकडे पाहिलं आणि तिला जुनीच असूया वाटली. एका मुलीचा बाप आगीत गेला तर तिला घर, मान, पुसायला काच. दुसरीला फक्त शिव्या.

मागच्या खोलीतून एक म्हातारा चहाचा रिकामा कप ठेवायला आला. पांढरी दाढी, एका डोळ्याला घड्याळ दुरुस्त करणारे लावतात तसलं भिंग कपाळावर सरकवलेलं. बुटकीने ओळख करून दिली. “हे काका, आमचे भाडेकरू. तेहेतीस वर्षं झाली. मी कॉलेजात होते तेव्हापासून. आई गेली तेव्हा ह्यांनीच सगळं केलं बघ.” ही कोण, हे कळल्यावर काकांच्या हातातला कप बशीत वाजला. “बरं, बरं,” एवढंच म्हणून ते आत गेले. कामाचा माणूस दिसतो, बोलायची सवय नाही, असं लांबीला वाटलं. त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून पुन्हा शिवलेली होती, टाके बेताचे होते, तेही तिने पाहून घेतलं. धंद्याची खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिवेमामाकडे गेली. दिवेमामा म्हणजे दिवेघराचा माणूस. खाली जाणाऱ्याला दिवा तोच द्यायचा आणि बिल्ल्यांच्या फळ्यावर नजरही तोच ठेवायचा. बापाला शेवटचं पाहिलं असेल तर ह्यानेच. ब्याऐंशीचा झाला होता. बायको गेलेली, मुलं दूर. खाण बंद पडली तेव्हा त्याने तो फळा घरी आणून पलंगासमोर ठोकला होता. नोकरी सुटली, राखण सुटली नाही.

“हा बघ तुझा बाप,” तो म्हणाला आणि काठीच्या टोकाने एकशेसतरा नंबरचा बिल्ला हलवला. बिल्ला टुणटुणला. “फळा खोटं बोलत नाही. चौकशीलाही मी हेच सांगितलं.”

“कुठे गेला असेल? कुणी दोस्त, नातेवाईक?”

“मला काय माहीत? त्या दिवशी त्याची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी माणूस कुठे जातो ह्याचा हिशेब दिवेघर ठेवत नाही.”

लांबी उठायला निघाली होती. ती परत बसली.

“सुट्टी होती?”

“होती की. वार ठरलेला होता त्याचा.”

“मग मामा, सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या आईने त्याला डबा का भरून दिला?”

म्हाताऱ्याने कानावर हात ठेवला, ऐकू न आल्यासारखा. लांबीने खुर्ची पुढे ओढली आणि तोच प्रश्न त्याच्या कानात मोठ्याने विचारला. आई जन्मभर तो डबा उगाळत होती आणि तो कुठल्या वारी भरला हे दोघींपैकी एकीनेही कधी मोजलं नव्हतं. रागाच्या भरात माणसाला साधी गोष्ट सुचत नाही, ती ही अशी.

“बायकोपोरं पदरात असताना बोललो नाही,” दिवेमामा म्हणाला. “नोकरी असताना तर नाहीच. आता कोण मला काढून टाकणार? बदली करायचे सगळे. तीन खाडे झाले की नोकरी जायची. म्हणून एकाला जमत नसलं की दोस्त सुट्टीच्या दिवशी त्याचा बिल्ला घेऊन उतरायचा. खाडा लागत नसे. मला दिसायचं, मी दिवा द्यायचो. सगळ्या खाणीचं चालायचं तसं.”

“माझा बाप कुणाचा बिल्ला घेऊन उतरला?”

म्हाताऱ्याने मान वळवली. त्याची नजर फळ्यावर गेली आणि लांबी त्या नजरेच्या मागे गेली. तिथे त्रेसष्ट नंबरची खुंटी रिकामी होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा बाप कुठेही पळाला नव्हता. ती गावात उतरली तेव्हापासून तो तिच्या पायाखालीच होता. आणि ती त्याच्यावर थुंकायला आली होती. आईने मरेपर्यंत त्याला शिव्या दिल्या. पण रडण्याआधी तिने उरलेला प्रश्न विचारला.

“आणि ज्याचा बिल्ला, तो?”

“दुसऱ्या गावच्या खाणीत नोकरी विचारायला गेला होता. संध्याकाळी परत आला तर तो स्वतःच मेलेला. बायको रडत होती, घर तिच्या नावावर होणार होतं. खरं बोलला असता तर माझी नोकरी गेली असती, त्याचीही गेली असती आणि घर तुझ्या आईला मिळालं असतं. तो रातोरात निघून गेला. अकरा वर्षांनी दाढी वाढवून आला, खाण बंद पडून जुनी माणसं पांगल्यावर. ज्या दोघातिघांनी ओळखलं त्यांनी तोंड शिवून घेतलं.” म्हाताऱ्याने काठी पलंगाला टेकवली. “घड्याळं दुरुस्त करतो आता.”

लांबी रस्त्याने चालत नव्हती, दात-ओठ खात धावतच होती म्हणायचं. बुटकी शाळेत होती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर एका घड्याळाची चाकं ओळीने मांडलेली. काकांनी तिचा चेहरा पाहिला आणि भिंग काढून ठेवलं.

“मामाने सांगितलं,” ते म्हणाले. विचारलं नाही.

“माझी आई तुम्हाला भावजी म्हणायची. तिने तुम्हाला जेवायला वाढलेलं मला आठवतं.”

“मलाही आठवतं.”

“ती लोकांची खरकटी काढत मेली. नवरा टाकून गेला म्हणून. तुम्ही एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर तिला निदान विधवा तरी होता आलं असतं.”

काका मान खाली घालून ऐकत होते. तिने अजून पुष्कळ ऐकवलं, चव्वेचाळीस वर्षांचा साठा होता. ती दमली तेव्हा ते म्हणाले, “सांग बुटकीला. आज सांग. मला जमलं नाही. तिच्या आईने शपथ घातली होती, आणि ती गेल्यावर माझी जीभ उचलली नाही. ती त्या फोटोशी बोलते गं. परीक्षेचा निकाल, शाळेतली भांडणं, सगळं त्या फोटोला सांगते आणि मी इकडून भिंतीला कान लावून ऐकतो. तिने मला एकदा बाबा म्हणावं. मग मी मेलो तरी चालेल.”

आणि लांबीची पंचाईत झाली. ह्या माणसाला उघडं पाडायला ती धावत आली होती आणि तो उघडं पडण्याचीच वाट पाहत होता. सांगितलं तर ह्याला मुलगी मिळणार. बुटकी मऊ मनाची, गळ्यातच पडेल. न सांगितलं तर हा असाच भिंतीला कान लावून मरेल, आणि त्याहून चांगला सूड तिला रात्रंदिवस विचार करूनही सुचला नसता. फक्त मग तिचा बाप पळपुटाच राहणार. चौकातल्या दगडावर ह्याचं नाव राहणार आणि खाली हाडं त्याची. ती दारात उभी राहून दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली आणि दोन्हीकडून तिचाच तोटा दिसत होता.

शेवटी बापाचं पारडं जड झालं. “मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. आणि सुरुवात माझ्या बापापासून करायची, तुमच्यापासून नाही.”

बुटकी चार वाजता आली. वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवायला जागा नव्हती म्हणून तो तिने पोटाशी धरला आणि उभ्यानेच ऐकलं. काकांनी सांगितलं, बदली, बिल्ला, संध्याकाळ, दाढी, सगळं. लांबीने मध्ये दोनदा त्यांना दुरुस्त केलं, कारण ते स्वतःवर दया करत होते. बोलून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

“आईला माहीत होतं?” बुटकीने विचारलं.

“हो.”

“मी दर वर्षी त्या दगडापाशी उभी राहून रडते ते तुम्ही खिडकीतून बघायचात?”

“हो, बाळ.”

बुटकीने वह्या खाली जमिनीवर ठेवल्या, नीट, कडा जुळवून. पुढच्या खोलीत जाऊन फोटो काढून आणला आणि फडक्यावर, त्या बारक्या चाकांच्या मधोमध ठेवला. दोन-तीन चाकं काचेखाली आली.

“हा तुमचा. घेऊन जा,” ती म्हणाली. मग लांबीकडे वळली. “तुझ्याकडे तुझ्या बाबांचा एखादा फोटो आहे?”

“आईने जाळले सगळे.”

“बरं. दगडावरचं नाव मी बदलून घेईन. उद्याच अर्ज देते, माझ्या सहीने.” तिचा आवाज वर्गातला होता, सपाट. “आणि काका, हे घर जो खाली गेला त्याच्या मुलीचं आहे. मी इथे चुकून राहिले. पण मला हिची माफी मागता येईल. तुम्ही कोण आहात ते मला खरंच माहीत नाही.”

“मी तुझा...”

“काका,” बुटकी म्हणाली, “खोली रिकामी करा.”

म्हातारा लांबीकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने ज्या बाईच्या लेकीला विसरायचा प्रयत्न केला तिच्याशिवाय त्याला आता दाद मागायला कुणी नव्हतं. “ह्या वयात कुठे जाऊ मी?” तो म्हणाला. “तू तरी सांग तिला.”

“आम्हाला आठ दिवस दिले होते,” लांबी म्हणाली. “आईने भांडी पोत्यात भरली आणि अंथरूण माझ्या डोक्यावर दिलं. तुमच्याकडे तेवढं सामानही नाही, चार दिवसांत उरकेल. पण आठच घ्या.”

तो चिमट्याने एकेक चाक उचलून डबीत टाकू लागला. प्रत्येक चाक दोनदा पडत होतं. बुटकी तोंडावर पदर धरून पुढच्या खोलीत निघून गेली. लांबी दारातच उभी होती. आता आपल्याला त्याची दया येईल असं तिला वाटलं, म्हणून ती थोडा वेळ थांबली. पण आली नाही.