मानेचं स्टेशन

गाठ मुतिंताला सापडली ती आंघोळीनंतर अंग पुसताना. डाव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर खळगा असतो त्यात. वाटाण्याएवढी, कडक, जागची न हलणारी. तिने बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग कपडे घातले आणि खाली नाश्त्याला गेली. चहाबरोबर व्हितुंबुवा होते, पिठाचे तळलेले गोड गोळे, ते खाल्ले, हात धुतले.

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला अशा गाठीचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. वॉर्डातले म्हातारे सर फेरीला निघाले की हमखास सांगायचे, "गाठ दुखते म्हणत पेशंट आला तर घाबरू नका. दुखत नाही म्हणाला तर मात्र झोपेतून जागे व्हा." मुतिंताची गाठ दुखत नव्हती. स्कर्ट कमरेला ढगळ झाला होता, पण परीक्षेच्या दिवसांत कोण जाड होतं? रात्री चादर घामाने पिळून काढावी इतकी भिजायची, पण एन्डोलात ऑक्टोबर महिना चालू होता. ऑक्टोबरात एन्डोलातल्या सगळ्यांच्याच चादरी भिजतात.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल जसा आपला राहत नाही, तशी ती सगळीच स्वतःची राहिली नव्हती. संध्याकाळी गावाहून, मोंझेहून, आईचा फोन आला. काळी गाय व्याली होती, शेजारीण भांडली होती. शेवटी आईने विचारलं, "जेवतेस ना गं?"

"हो आई."

"आवाज का असा?"

"उकडतंय."

"ऑक्टोबरच तो. आता काही दिवसच राहिलेत, मग मी इथे सगळ्यांना सांगत फिरणार, आमच्या डॉक्टरीणबाई आल्या म्हणून."

ती तर आत्ताच सांगत फिरत होती, हे मुतिंताला ठाऊक होतं. ही गाठ आपण होऊन दाखवायला जावं तर आधी भरती व्हायचं, मग राजधानीला, लुसाकाला जाऊन तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढून घ्यायचा, परीक्षा गेली, वर्ष गेलं. आणि आईला फोन करायचा तो आपणच. हे सगळं उचलायला लागणारी ताकद तिच्या अंगात नव्हती. म्हणून तिने ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागली तर ती आहे. मग तोच माणूस हाताला धरून नेईल, आपण नुसतं मागोमाग जायचं. हा शुद्ध वेडेपणा होता आणि तो तिलाही कळत होता. पण सापडायला तरी वेळ कितीसा लागणार होता? आजूबाजूला सगळे डॉक्टरच तर होऊ घातले होते!

त्यांचा चौघांचा गट होता आणि प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी हॉस्टेलच्या टेबल टेनिसच्या खोलीत चालायची. परीक्षा अशी की एकामागून एक स्टेशनं. एका ठिकाणी छाती, दुसरीकडे पोट, तिसरीकडे मान. प्रत्येक ठिकाणी एक माणूस बसवलेला, एक परीक्षक कोपऱ्यात. पाच मिनिटांत तपासायचं आणि तपासता तपासता काय सापडलं ते मोठ्याने म्हणायचं. घंटा झाली की हातातलं टाकून पुढच्या दारात. हात धुतल्याचे मार्क, नाव सांगितल्याचे मार्क, दुखतंय का विचारल्याचे मार्क, जाताना आभार मानल्याचेही मार्क. परीक्षकाला ऐकू गेलं नाही ते केलंच नाही असं धरायचं. त्यामुळे बोलण्याला फार महत्त्व आलं होतं, आणि बोटांना तितकंसं उरलं नव्हतं.

गटात पेशंट व्हायला कुणीच तयार नसायचं, फुकट वेळ जातो म्हणून. मुतिंता म्हणाली, मानेच्या स्टेशनला मी बसते.

"देवमाणूस आहेस," बुपे म्हणाली. बुपे तिची खोलीतली जोडीदारीण, वर्गात पहिल्या पाचांतली. तिने हवेतल्या हवेत हात धुतले आणि सुरू झाली. "नमस्कार, मी बुपे, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तुमची मान तपासू का? कुठे दुखतंय का?"

"नाही डॉक्टर."

बुपे मागे जाऊन उभी राहिली. तिची बोटं हनुवटीखाली, जबड्याच्या कडेने, कानामागे, मानेवरून सरसर खाली उतरली, आणि डाव्या खळग्यात बरोबर त्या वाटाण्यावरून गेली. मुतिंताने श्वास रोखला. "मानेत कुठेही गाठी नाहीत, आभारी आहे, कपडे नीट करून घ्या," बुपेचं तोंड म्हणालं. मोबाइलवर अजून मिनिटभर शिल्लक होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग चोम्बा आला. चोम्बा गटात मोबाइलवर वेळ मोजणारा, त्याला उद्या सर्जन व्हायचं होतं आणि आजच तो तसा चालायचा. वेळ संपली की त्याच्या मोबाइलवर कोंबडा आरवायचा. कानाला सवय व्हावी म्हणून तोच कोंबडा त्याने सगळ्यांच्या मोबाइलात भरून दिला होता. त्याचीही बोटं खळग्यातून गेली. गाठी नाहीत. आभारी आहे.

मुतिंताला वाटलं, चला, नाही तर नाही. तेवढ्यात लुबिंदा उठला.

लुबिंदा मोंगूकडचा, त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, आधी काही वर्षं शाळेत शिकवून आलेला. मागच्या वर्षी तो नेमका याच परीक्षेत नापास झाला होता. आता पुन्हा झाला तर कॉलेज त्याला घरी पाठवणार होतं, तसा नियमच होता. कारण एकच, त्याचं वेळेत आटपायचं नाही. त्याने खरोखर नळावर जाऊन हात धुतले. मग काखेत धरून गरम केले.

"आजोबा, ऑक्टोबर आहे!" चोम्बा ओरडला.

"पाणी गार होतं," लुबिंदा म्हणाला. त्याने मुतिंताला पाण्याचा घोट घ्यायला सांगितला, गिळताना गळा पाहिला, पुन्हा घोट घ्यायला सांगितला. मागे जाऊन बोटं ठेवली आणि थांबला. बोलेचना. बोटं मुंगीच्या पावलाने सरकत होती. मुतिंताला कळलं की हा माणूस खरंच शोधतोय. हा शोधतोय म्हणजे याला सापडणार. तो जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचला आणि कोंबडा आरवला.

"संपलं! आजोबा, पेशंट म्हातारी होऊन मेली, तिची नातवंडं आलीत, त्यांची मान बघा आता!"

बुपे हसून हसून टेबलावर आडवी झाली. लुबिंदाही हसला, पण ओशाळून. मुतिंता म्हणाली, "लुबिंदा, मी तुझी तयारी करून घेते. रोज दुपारी, इस्त्रीच्या खोलीत."

"तुझा अभ्यास बुडेल."

"बुडू दे."

हे तिने का म्हटलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. हा एकटाच खळग्यापर्यंत पोचला तर ओळखणार होता. त्याला तिथवर वेळेत आणायचं, एवढंच.

इस्त्रीच्या खोलीत एक खुर्ची होती, एक नळ आणि प्लास्टिकचा पेला. दुपारची तिथे भट्टी व्हायची, म्हणून कुणी फिरकायचं नाही. पहिल्या दिवशी कोंबडा आरवला तेव्हा लुबिंदा कानामागे होता. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

"तू थांबतोस का पण?" मुतिंता म्हणाली.

"हाताखाली काय आहे ते कळल्याशिवाय पुढे कसा जाऊ?"

"कळायची गरजच नाही. परीक्षेत धडधाकट माणसं आणून बसवतात, दुपारचं जेवण देऊन. तिथे काही सापडायचंच नसतं. तू आधी म्हणायला लाग, 'गाठी नाहीत', आणि तोंड चालतंय तोवर हात फिरव."

"ही तर पोपटपंची झाली, मास्तरीणबाई."

"पोपट पास होतात."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय शिकवतोय. लक्षात आलं, आणि निघून गेलं. हल्ली सगळंच तसं यायचं आणि जायचं. बोलण्याची ओळ न् ओळ तिने त्याला पाठ करायला लावली. अडला की ती मोबाइलवर टिचकी मारायची, आणि तो दचकून पुढच्या वाक्याला लागायचा. हळूहळू त्याची बोटं चटपटीत झाली. मान उतरून तो निम्म्यावर आला, मग आणखी खाली. कोंबडा आरवायचा तेव्हा खळगा बोटभरच राहिलेला असायचा. रात्री ती अंधारात स्वतः बोट लावून बघायची. वाटाणा आता वाटाणा राहिला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दुपारी लुबिंदा आला तो इस्त्रीचा पांढरा कोट घालून. "आज खऱ्यासारखं करू," म्हणाला. मुतिंताने मोबाइल लावला आणि खिडकीत ठेवला.

"नमस्कार, मी लुबिंदा, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. तुमची मान तपासू का? कुठे दुखतंय का?"

"नाही डॉक्टर."

"एक घोट घ्या. गिळा. छान. आता मी मागे येतो." तोंड सुरू झालं, हात सुरू झाले, दोन्ही कुठे अडेनात. हनुवटीखाली गाठी नाहीत. जबड्याखाली नाहीत. कानामागे नाहीत. मानेच्या कडेने नाहीत. मुतिंता समोरच्या भिंतीवरचा इस्त्रीचा जळका डाग बघत बसली होती. आता, ती मनात म्हणाली. बोटं डाव्या खळग्यात उतरली, गाठीवर टेकली, आणि पुढे गेली.

"आडव्या हाडाच्या वर दोन्हीकडे गाठी नाहीत. आभारी आहे, कपडे नीट करून घ्या."

त्याने झेप घेऊन मोबाइल बघितला. दोन मिनिटं शिल्लक! लुबिंदाने इस्त्रीच्या टेबलावर जोरात थाप मारली. "झालं! मुतिंता, झालं! घरी फोन करतो, सांगतो पोरगा तरला म्हणून. मार्क किती देशील?"

"पूर्ण," मुतिंता म्हणाली.

तिने पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. कुणालाच सापडली नव्हती. म्हणजे ठरल्याप्रमाणे ती नव्हती. आता उठायचं, खोलीत जायचं, उद्याचा कोट काढून ठेवायचा. पण ती खुर्चीतच बसून राहिली. ज्या एका माणसाला ती सापडली असती, त्याला तिने स्वतःच, रोज दुपारी खपून, न सापडायला शिकवलं होतं.

"लुबिंदा."

"हां?"

"पुन्हा कर. फक्त शेवटचं, हाडाच्या वरचं. तोंड बंद ठेवून."

"न बोलता? मग मार्क कसले?"

"याला मार्क नाहीत. आधी करत होतास तसं कर."

तो हसत हसत मागे आला. तिच्या खांद्यांवर त्याचे हात टेकले. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने ते काढले, काखेत धरून गरम केले आणि पुन्हा ठेवले. उजव्या खळग्यात बोटं हळूहळू फिरली, एकदा, परत एकदा. मग डावीकडे आली. आणि थांबली.

एक बोट गाठीच्या अलीकडून गेलं, एक पलीकडून. त्याने ती हलवून पाहिली. ती हलली नाही.

"मुतिंता, मी आत्ता... माझा हात आत्ता यावरून गेला ना?"

"हो."

"आणि मी म्हटलं, नाहीत."

"बुपेनेही म्हटलं. चोम्बानेही."

"तुला माहीत होतं."

तो खुर्चीला वळसा घालून पुढे आला नाही, बोटही उचललं नाही. मग त्याने विचारलं. प्रत्येक वेळी अगदी सुरुवातीला, मार्कांसाठी विचारायचा तेच, पण आता वेगळ्या आवाजात.

"दुखतंय का गं?"

इतके दिवस रोज तिने या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. आजही उत्तर तेच होतं. ते काय उत्तर आहे हे दोघांनाही, शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना, चांगलं ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी हुंदका आला. तिला धक्काच बसला, जणू दुसरंच कुणी खोलीत रडतंय.

"नाही," ती म्हणाली. "जरासुद्धा नाही रे."

"ऊठ. वॉर्डात सर असतील अजून. चल."

"उद्या तुझी परीक्षा आहे. तुला घरी पाठवतील."

"सकाळी आहे ना परीक्षा? सकाळी बघू."

खिडकीतल्या मोबाइलवर कोंबडा आरवला. मुतिंता सवयीने दचकली, त्याचे हात आता निघणार म्हणून. कोंबडा आरवत राहिला.

"आरवू दे," लुबिंदा म्हणाला, आणि त्याने हात काढले नाहीत.