ऊन पिणारा मणी

“प्यायला! बघा, बघा, मणी ऊन प्यायला!”

इंद्रधनू सोसायटीच्या हिरवळीवर कडं करून उभ्या असलेल्या माणसांतून ‘अहाहा’ असा एकच सूर निघाला. मे महिन्यातला रविवार. सकाळ नीट सरलीही नव्हती, पण हिंजवडीतल्या त्या उंच इमारतींच्या मधली हवा भट्टीसारखी तापली होती. मधोमध गालिचा, त्यावर जरीचं छत्र आणि छत्राखाली तेजोनिधी गुरुजी. नेसायला पीतांबर, गालाला चिकटवलेला माइक. समोर सोसायटीतली मुलं रांगेत उभी, प्रत्येकाच्या मनगटावर दोऱ्यात ओवलेला एक पांढराशुभ्र मणी. शिष्यांनी मुलांच्या हातांवर धरलेलं काळं मखमली कापड ओढून घेतलं आणि बघता बघता सगळे मणी जांभळे झाले.

“काय झालं हे?” गुरुजींनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. “सूर्यनारायणाचा कोप! तुमच्या लेकरांच्या डोक्यावर पडणार होता, तो मण्याने गिळला. सावलीत न्या, मणी तो ओकून टाकेल आणि पुन्हा शुद्ध होईल. हे सायन्स आहे बरं का, मंडळी! आपल्या ऋषींना अल्ट्राव्हायोलेट ठाऊक होतं, क्वांटम ठाऊक होतं. ठाऊक नव्हती ती फक्त टोपी!”

लोक मनापासून हसले. हसणाऱ्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांतले मोठे पगारदार होते, एक दंतवैद्य होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले रावसाहेबही होते. कडेला उभ्या असलेल्या अपेक्षाला ते हसू ऐकून शिसारी आली.

अपेक्षा वर्ध्याची. लग्न होऊन पुण्यात आलेली, वाकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. वर्ध्याच्या माणसाला ऊन म्हणजे काय ते कोणी शिकवावं लागत नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय आई कुणाला उंबरठा ओलांडू द्यायची नाही, आणि दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही.

“टोपी, छत्री, ती विदेशी क्रीमं, सगळं फेका,” गुरुजींचा आवाज चढला. “मणी आणि सूर्य यांच्यामध्ये काही आलं की मणी रुसतो. पुढच्या रविवारी आपण सूर्यव्रत करू. भर माध्यान्ही, उघड्या डोक्याने, मुलं इथे खेळतील आणि त्याचा व्हिडिओ सगळं जग बघेल.”

अपेक्षाने हात वर केला. “गुरुजी, मण्याने ऊन गिळलं ना? मग मुलांच्या सावल्या जमिनीवर कशा पडल्यात?”

गुरुजी गोड हसले. “ताई फार शिकलेल्या दिसतात. शिकलेल्यांचं असंच असतं. डोकं भरलेलं, हृदय रिकामं.”

टाळ्या पडल्या. रावसाहेबांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने लग्नाच्या पंगतीत उलटी केली होती.

घरी आल्यावर तिला दिसलं की आपल्या सात वर्षांच्या अवनीच्या हातातही मणी आहे. तो नवऱ्याने, आनंदने, बांधला होता.

“तू नारायण पेठेत वाढलास ना?” ती म्हणाली. “सत्यनारायणाच्या प्रसादात साखर कमी पडली तरी गुरुजींना टोमणा मारणारी माणसं तुम्ही. आणि हे घरात आणलंस?”

“अगं, मी कुठे मानतो? पण सगळ्या मुलांनी बांधलाय. हार्मलेस आहे. मणीच तर आहे.”

“मणी हार्मलेस आहे. टोपी फेका म्हणणं हार्मलेस नाही.”

आनंदने लॅपटॉप उघडला. हे त्याचं नेहमीचं उत्तर.

बुधवारी ती अवनीला घेऊन दंतवैद्याकडे गेली. तिथे हातातल्या दोऱ्याने खाज सुटते म्हणून अवनीने मणी काढून गाडीच्या काचेखाली, डॅशबोर्डवर ठेवला. दोघी परत आल्या तेव्हा गाडी उन्हात तापून लाल झाली होती. स्टिअरिंगला हात लावता येईना. सीट बेल्टची कडी मांडीला लागली तशी अवनी किंचाळली. आणि त्या भट्टीत, भर उन्हात, काचेमागे तो मणी दुधासारखा पांढरा पडून होता.

अपेक्षा बघतच राहिली. ऊन पिणारा मणी उन्हात उपाशी कसा? तिने मणी उचलून खिडकीबाहेर धरला. क्षणात जांभळा झाला. पुन्हा पुढच्या काचेमागे ठेवला. हळूहळू फिकटला.

“आई, तो का रुसला?”

“रुसला नाही, सोन्या. गाडीच्या पुढच्या काचेतून उजेड येतो, उष्णता येते, पण एका प्रकारचा किरण येत नाही. ह्या मण्याला तेवढाच कळतो. त्याला गरम होतंय की नाही, हे कळतच नाही.”

हे सगळं तिने रावसाहेबांना सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “वहिनी, प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करू नये.” तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. खाली हात जोडल्याची चित्रं आली आणि ‘श्रद्धा असावी लागते’ अशी वाक्यं. तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुदर्शनने लिहिलं, “ताई, मी अकोल्याचा. आपण उन्हाला भीत नाही!” सुदर्शन एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होता. त्याचा अवधूत अवनीच्याच वर्गात.

रविवारी माध्यान्हीला हिरवळीवर मुलं धावू लागली. डोकी उघडी, पाणीसुद्धा बाजूला ठेवलेलं, कारण व्रतात पाणी चालत नाही असं ऐन वेळी जाहीर झालं होतं. गुरुजी छत्राखाली बसून उसाचा रस पीत होते. अवनीला घरात ठेवून अपेक्षा धावत खाली आली. “थांबवा हे! मुलांना सावलीत घ्या!” ती एकेकाला सांगत सुटली. लोक मोबाइलवर चित्रीकरण करत होते. कुणीतरी तिला म्हणालं, “ताई, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय.”

तेवढ्यात अवधूत अडखळला. उठला, दोन पावलं उलट्याच दिशेने गेला, काहीतरी असंबद्ध बोलला आणि कोसळला. चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखं. मनगटावरचा मणी मात्र झकास जांभळा.

एक शिष्य भस्म घेऊन पुढे आला. अपेक्षाने त्याचा हात झटकला. सुदर्शनच्या मदतीने मुलाला जिन्याखालच्या सावलीत आणलं, त्याचा शर्ट काढला, माळ्याची नळी आणून अंगावर पाणी सोडलं. “वारा घाला. कोणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा!” दंतवैद्याने बाटली अवधूतच्या तोंडाला लावायला घेतली. “नको, शुद्धीवर नाहीये तो, ठसका लागेल,” ती ओरडली. “पाणी अंगावर ओता, तोंडात नको.”

मागून माइकमधला आवाज आला, शांत आणि मधाळ. “ह्या बाळाच्या मनात शंका होती. शंका आली की मणी मिटतो.”

आठ वर्षांचं पोर जमिनीवर तडफडत होतं आणि ह्या माणसाने दोष त्याच्याच माथी मारला होता. अपेक्षाला त्याची किळस आली. त्याहून जास्त किळस आली ती माना डोलावणाऱ्यांची.

अवधूत वाचला. डॉक्टर म्हणाले, लगेच अंग गार केलं म्हणून वाचला. संध्याकाळी अपेक्षा दवाखान्यात गेली, तेव्हा सलाइन लावलेल्या हाताने त्याने तिची ओढणी धरली.

“मावशी, सगळे म्हणतात, पण मी शंका नव्हती घेतली. खरंच नव्हती. बाबांना सांग ना.”

सुदर्शन भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

पुढच्या रविवारी रावसाहेबांनी ‘शंकाशुद्धी’साठी गुरुजींना पुन्हा बोलावलं. गर्दी तेवढीच. मखमली कापड ओढलं जाणार, तेवढ्यात अपेक्षा पुढे आली. हातात एक पिशवी. शिष्य तिला अडवू लागले, पण तिच्या शेजारी सुदर्शन उभा होता. तो एवढंच म्हणाला, “माझा मुलगा दवाखान्यात होता. ताई बोलतील.” शिष्य बाजूला झाले.

तिने पिशवीतून मण्यांचं पाकीट काढलं. “हे मी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून आणले. ह्यांना कुणी मंत्र दिलेला नाही.” तिने ते मूठभर उन्हात धरले. सगळे जांभळे झाले. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

मग तिने पांढरे मणी जिन्याखालच्या सावलीत नेले आणि वाफाळत्या पाण्याच्या भांड्यात टाकले. “मणी ताप पितो म्हणता ना? हा घ्या ताप.” मणी पांढरेच. तिसऱ्यांदा तिने मण्यांवर उन्हापासून वाचवणाऱ्या क्रीमचा जाड थर दिला आणि ते उन्हात ठेवले. तेही जवळजवळ पांढरेच. एक मणी तिने जाड टोपीखाली ठेवला आणि थोड्या वेळाने टोपी उचलली. पांढरा!

“म्हणजे बघा,” ती म्हणाली, “जी टोपी आणि जे क्रीम फेकायला सांगितलं, त्यांनीच तो किरण अडवला. ह्या मण्याच्या प्लॅस्टिकमध्ये एक रंगद्रव्य असतं. सूर्याचे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की त्याच्या रेणूची रचना बदलते आणि रंग दिसतो. किरण गेले की रचना पूर्ववत, रंग गायब. काळं कापड कशासाठी? ओढण्याआधी मणी पांढरा राहावा म्हणून. मणी मुलाला वाचवत नाही. तो ओरडून सांगतो की इथे किरण आहेत, अंग झाका. आणि तुम्ही त्या ओरडण्यालाच आशीर्वाद समजलात.”

“पण वहिनी,” रावसाहेब पुढे आले, “हे असं आपोआप रंग बदलणं म्हणजे काहीतरी दैवी—”

अपेक्षाने त्यांच्याकडे पाहिलं. उन्हात उभं राहून त्यांच्या चष्म्याच्या काचा काळ्याकुट्ट झाल्या होत्या.

“रावसाहेब, तुमच्या चष्म्याला दीक्षा कोणी दिली?”

आधी एक बाई फिस्सकन हसली, मग बाकीचे. रावसाहेबांनी चष्मा काढला, पाहिला आणि खिशात टाकला.

गुरुजींनी घसा खाकरला. “विज्ञानाला मर्यादा असतात, ताई. अनुभूती—”

“अनुभूती घेऊ या ना. हे तुमचेच मणी, दोन्ही हातांत भरपूर बांधा. छत्र काढा आणि दुपारभर इथे उघड्या डोक्याने बसा. पाणी चालणार नाही, व्रत आहे.”

गुरुजींनी सभोवार पाहिलं. कोणी टाळी वाजवली नाही. त्यांना अचानक दुसरीकडचा कार्यक्रम आठवला. शिष्यांनी छत्र मिटलं, गालिचा गुंडाळला. सुदर्शन मात्र त्यांच्या गाडीसमोर जाऊन उभा राहिला. “कार्यक्रम नंतर. आधी पोलीस चौकी. जादूटोणाविरोधी कायदा आहे ह्या राज्यात.” आनंदने पहिल्यांदाच लॅपटॉप घरी ठेवला होता. तोही सुदर्शनच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

सगळं छान झालं असं मात्र नाही. त्याच संध्याकाळी ग्रुपवर एका बाईंनी लिहिलं, ‘मणी खोटा असेल, पण पॉझिटिव्ह एनर्जी होती.’ खाली हात जोडल्याची चित्रं आलीच. चूक झाली, असं कुणी लिहिलं नाही. अवधूतच्या घरी जाऊन त्याची माफी मागायचं कुणाला सुचलं नाही. अपेक्षाने तो ग्रुप सोडला.

माणसं अडाणी असतात म्हणून फसतात, असं नाही. त्या हिरवळीवर पदव्यांचा ढीग होता. प्रश्न विचारणारीला त्यांनी हसून गप्प केलं, म्हणून ही माणसं फसली. ऊन कोपत नाही, रुसत नाही आणि शंका घेणाऱ्यावर सूडही उगवत नाही. ते फक्त तापतं, आणि लहान अंग मोठ्यापेक्षा लवकर तापतं. म्हणून दुपारी लेकरांना सावलीत ठेवा, सुती सैल कपडे घाला, डोकं झाका, घोटघोट पाणी पाजत राहा. पोर भोवंडून पडलं तर अंग गार करा आणि थेट दवाखाना गाठा. आणि कोणी तुमच्या मुलाच्या हातात चमत्कार बांधायला आला, तर आधी त्याला विचारा की तो स्वतः सावलीत का बसलाय.