वेस्लीने न ऐकलेली गाणी

शरद सरत आलेला. इलिनॉयच्या सपाट, विस्तीर्ण भूमीवर कापणी झालेली मक्याची शेतं दमून पहुडलेली. मावळतीचा ताम्रवर्णी उजेड खुंटाखुंटावर रेंगाळत, विरत, काळवंडत चाललेला. त्या उजेडाच्या काठाशी एक गाव, गावात एक जुनं नाट्यगृह, आणि नाट्यगृहात ‘ग्रे ऑर्चर्ड’ या रॉक बँडचा कार्यक्रम. गिटारवाल्या वेस्लीचा या बँडबरोबरचा हा शेवटचा.

भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या, मोठ्या बँडने बोलावलं, एवढंच. गायक थिओला त्याने तसं सांगितलं, तेव्हा थिओ म्हणाला की लोकांना कार्यक्रमाच्या शेवटी मीच सांगेन. वेस्लीला अगदी हायसं वाटलं.

दोघे एकाच गल्लीतले, बालपणापासूनचे. तीन अल्बम झाले. पहिला विरहनिळ्या वेष्टनाचा, दुसरा गंजवर्णी, तिसरा हिमधवल. निळ्याने त्यांना गावाबाहेर नेलं, गंजवर्णीने देशभर फिरवलं, आणि हिमधवलाने तर पोरापोरींना रडवून रडवून वेड लावलं.

पण गंमत बघा! यांच्या कामाची रीतच अशी, की आधी वाद्यं ध्वनिमुद्रित व्हायची, वेस्ली घरी जायचा, आणि मग थिओ बंद खोलीत एकटा गायचा. रंगमंचावर वेस्लीच्या पायाशी त्याचा छोटा स्पीकर, मॉनिटर असायचा. त्यातून त्याला फक्त ड्रम आणि आपली गिटार हवी. थिओच्या आर्त, आक्रंदत्या आवाजाने लय चुकते म्हणे! स्वतःची रेकॉर्ड ऐकायचा तर त्याला मनस्वी कंटाळा. ही गाणी कुणावर आहेत, असं कुणी विचारलं, की खुशाल हसून सांगायचा, असेल एखादी मुलगी.

त्या संध्याकाळी तो मॉनिटर बंद पडला.

आणि एकाएकी सारं सभागृह त्याच्या कानात शिरलं. थिओने नेहमीसारखा माइक लोकांपुढे धरला होता, आणि शेकडो कोवळे कंठ निळ्या अल्बममधलं गाणं एका स्वरात, लख्ख गात होते:

“आईला माती दिली त्या दिवशी, दोन घरं पलीकडच्या मित्रा, तू का आला नाहीस?”

वेस्लीच्या पायाखालची जमीनच सरकली. दोन घरं पलीकडे तोच तर राहायचा! शाळकरी वय, काय बोलावं सुचेना, म्हणून थिओच्या आईच्या अंत्यविधीला गेला नव्हता. पुढे विषय निघाला नाही. त्याला वाटलं, मिटलं. कसलं मिटलं, कपाळ!

मग गंजवर्णी गाणं आलं. तू शेजारी उभा आहेस आणि तरी तुझी खुर्ची रिकामी आहे, असं ते म्हणत होतं. मग हिमधवल. “काही नको, काही नको,” सभागृह गात होतं, डोळे मिटून, हात उंचावून, “एकदा विचार, कसा आहेस.” बोटं सवयीने वाजवत होती, तो मात्र आतून गारठत, गोठत चालला होता. इतकी वर्षं, इतकी गावं, इतके दिवे, आणि हे सगळं त्याच्याचसाठी! साऱ्या जगाला तोंडपाठ, फक्त त्यालाच पत्ता नाही.

अखेरचा सूर विझला. थिओ घोषणेसाठी पुढे सरकणार, तोच वेस्ली त्याच्याजवळ गेला. माइक हाताने झाकून त्याने विचारलं,

“थिओ, कसा आहेस रे तू?”

थिओने चमकून पाहिलं. एक क्षण त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं पोरकं पोर येऊन उभं राहिलं, आणि निघूनही गेलं. मग तो हसला, दारात आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसा.

“बरा आहे आता,” तो म्हणाला. “खरंच बरा आहे.”

त्याने वेस्लीचा हात माइकवरून हळुवार बाजूला केला आणि लोकांना सांगितलं. चांगलंच सांगितलं, कुठेही कडवटपणा नव्हता. सभागृह हळहळलं, मग उठून उभं राहिलं. टाळ्या उसळल्या, उंचावल्या, छताला भिडल्या; आणि त्या टाळ्यांत थिओच्याही टाळ्या होत्या, मनापासूनच्या, संथ, शांत, निरोपाच्या.